टेक्का बाजार : सिंगापुरात घरचा गणपती बसवणाऱ्यांसाठी

भारतातून सिंगापुरात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला भाद्रपद जवळ आला की पहिली चिंता पडते ती गणपतीच्या सामानाची. दूर्वा कुठे मिळतील, उकडीच्या मोदकांसाठी पिठी कोणती घ्यावी, हळदीची पाने कुणाकडून मागवावीत, अशा प्रश्नांच्या धास्तीने अनेक जण जुलैपासूनच गावाहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेतील वजनाचा हिशेब मांडू लागतात. आमच्या घरी गौरींबरोबर जाणारा गणपती असतो, आणि गेली काही वर्षे त्याची बहुतेक सगळी खरेदी आम्ही लिटल इंडियातील टेक्का सेंटर आणि त्याला लागून असलेल्या बफेलो रोडवर करत आलो आहोत. त्या अनुभवावरून माझे मत असे की ही धास्ती बाळगण्याचे फारसे कारण नाही. जे सामान आपल्यासाठी सणापुरते असते, ते या बाजारात कुणा ना कुणाच्या रोजच्या वापरातले असते. त्यामुळे ते ताजे असते आणि वर्षभर मिळते. हे परीक्षण गौरी-गणपतीच्या खरेदीपुरतेच आहे. बाजारातील कपड्यांची दुकाने आणि खाण्याचे गाळे यांविषयी मी येथे लिहिलेले नाही.

जागेविषयी थोडक्यात सांगायचे तर लिटल इंडिया मेट्रो स्थानकाच्या 'सी' दारातून बाहेर पडले की बाजार समोरच लागतो. एकोणिसाव्या शतकात या भागात गुराढोरांचा व्यापार चालत असे आणि बफेलो रोडचे नाव त्याच काळातले आहे. येथील जुना बाजार १९१५ मध्ये बांधला गेला, १९८२ मध्ये तो सध्याच्या इमारतीत आला आणि २००० मध्ये त्याला टेक्का सेंटर हे नाव मिळाले. तळमजल्यावर एका बाजूला तयार खाण्याचे गाळे आणि दुसऱ्या बाजूला भाजी, मासळी व मटणाचा ओला बाजार आहे, तर वरच्या मजल्यावर साड्या, पंजाबी पोशाख आणि शिंप्यांची दुकाने आहेत. गणपतीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते सगळे तळमजल्यावर आणि बाहेरच्या रस्त्यावर मिळते.

सुरुवात दूर्वांपासून करते, कारण नव्याने आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. सिंगापुरातील तमिळ कुटुंबेही त्याच दिवशी विनायगर चतुर्थी करतात आणि त्यांच्या पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीलाही दूर्वाच वाहतात. त्यांच्या बोलीत तिला अरुगम्पुल म्हणतात, आणि बफेलो रोडवरच्या किंवा जवळच्या कॅम्पबेल लेनवरच्या फुलवाल्याकडे हा शब्द उच्चारला की तो पुढचे काही न विचारता जुडी काढून देतो. या जुड्या आपल्याकडच्यासारख्या तीन पात्यांच्या कोवळ्या शेंड्यांच्या नसतात. लांब देठांचा, थोडा जून पात्यांचाही असा तो एक सरसकट भारा असतो, आणि घरी आणून शेंडे निवडून एकवीस-एकवीसच्या जुड्या आपल्यालाच बांधाव्या लागतात. आमच्या घरी हे काम आदल्या रात्री मुलांकडे असते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या दूर्वा येथील उकाड्यातही सकाळपर्यंत उत्तम टिकतात.

पत्रीच्या बाबतीत या बाजाराने मला खरोखर आनंद दिला. एकवीस पत्री पूर्ण मिळत नाहीत, हे आधीच सांगते. शमी, डोरली किंवा देवदार यांची अपेक्षा येथे ठेवू नये. पण तुळस आणि बेल फुलवाल्यांकडे असतात. रुईच्या फुलांच्या माळा चतुर्थीच्या आदल्या दिवशी ढिगाने येतात, कारण आपण रुई मारुतीला वाहतो तशी तमिळ घरांत ती पिळ्ळैयारला वाहतात, आणि पाने मागितली तर तीही विक्रेते देतात. कण्हेरीच्या फुलांच्या माळा असतात. अगस्तीची, म्हणजे हदग्याची पाने तर भाजीच्या गाळ्यावर मिळतात, कारण तमिळ स्वयंपाकात त्यांची पालेभाजी होते. पूजेच्या पुस्तकातील यादी हातात घेऊन फुलवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सावकाश फिरले की सात-आठ पत्री सहज जमतात, आणि उरलेल्यांच्या जागी अक्षता किंवा दूर्वा वाहण्याची सोय परंपरेने दिलेलीच आहे. जास्वंद मात्र विकत मिळत नाही, कारण ते फूल बाजारात टिकत नाही. इमारतींच्या आवारात आणि उद्यानांत ती फुललेली दिसते, पण सार्वजनिक जागेतील फुले तोडायला येथे मनाई आहे, त्यामुळे ओळखीच्या कुणाच्या कुंडीत जास्वंद असेल तर त्या घराशी आधीच बोलून ठेवावे. तांबड्या फुलांची गरज आम्ही गुलाब आणि लाल कण्हेरीवर भागवतो. झेंडू, शेवंती, मोगरा आणि तोरणासाठी आंब्याचे डहाळे यांना काहीच तोटा नसतो.

फुलांच्या खरेदीत एक सावधगिरी बाळगावी. या परिसरातील एका दुकानाने, ज्याचे नाव मी येथे घेणार नाही, आम्हाला पाणी शिंपडून टवटवीत दाखवलेला आदल्या दिवशीचा गजरा दिला होता, आणि तो आरतीच्या आधीच काळवंडला. मोगऱ्याची कळी घट्ट मिटलेली आहे की नाही आणि दोरा कोरडा आहे की ओलागच्च, हे हातात घेऊन पाहावे. सणाच्या दिवसांत दर वाढतात, म्हणून माळ कापायला सांगण्यापूर्वी किंमत विचारणे बरे. बहुतेक विक्रेते मात्र मनापासून सांभाळून घेणारे आहेत. आमची नेहमीची फुलवाली पहिल्या वर्षी मला म्हणाली होती, "अक्का, पूजा सकाळी आहे ना, मग ही माळ नको, ही घ्या." आणि तिने स्वतःहून स्वस्त पण अधिक ताजी माळ पुढे केली. तिच्या घरीही दुसऱ्या दिवशी तीच पूजा होती, हे मला नंतर कळले.

आता स्वयंपाकाकडे वळते. माझ्या मते टेक्काची खरी श्रीमंती येथे आहे. उकडीच्या मोदकाला लागतो तो ओल्या नारळाचा चव, आणि सिंगापुरातील ओल्या बाजारांत नारळ समोर फोडून यंत्रावर खवून देणारे गाळे असतात. मलय, तमिळ आणि पेरानाकान (येथील चिनी-मलय मिश्र परंपरेच्या) स्वयंपाकात नारळाचे दूध रोज लागते, त्यामुळे येथे खवलेला नारळ सतत विकला जातो आणि शिळा राहत नाही. नवख्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: हा चव विकत घेताना तो पांढरा हवा, असे सांगावे. म्हणजे विक्रेता पाठीची तपकिरी साल काढून मगच नारळ यंत्रात घालतो. मलय मिठायांसाठी असा पांढरा चव नेहमी लागतो, त्यामुळे या मागणीचे त्यांना नवल वाटत नाही. या चवाचे सारण इतके शुभ्र आणि मऊ होते की त्यात गूळ घातल्यावर रंगही सोनेरी येतो. चव सकाळीच आणावा आणि दोन-तीन तासांत शिजवून टाकावा, कारण विषुववृत्ताजवळच्या या हवेत तो दुपारपर्यंत आंबतो.

हळदीच्या पानांसाठी आम्ही पूर्वी चिपळूणहून येणाऱ्या नातेवाइकांच्या भरवशावर राहण्याचा विचार करत होतो. पण रेंडांग या मलय मांसाहारी पदार्थात हळदीचे पान बारीक चिरून घालतात, आणि म्हणून टेक्काच्या मसाल्याच्या पानांच्या गाळ्यांवर ती कढीपत्ता, गवती चहा आणि लिंबाच्या पानांशेजारी बारा महिने पडलेली असतात. मलय विक्रेतीकडे 'दाऊन कुन्यित' मागावी. ती कोकणातल्या पानांपेक्षा कधी कधी अरुंद असतात, पण वास तोच, तितकाच दाट. टेक्कात संपली तर गेलांग सेराईच्या बाजारात हमखास मिळतात. आम्ही त्या पानांत पातोळ्या करतो आणि मोदकांखालीही तीच पाने अंथरतो. गोव्यातील वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल: येथे मिळणारा गुला मलाका हा मुळात माडाच्या रसाचा गूळ आहे आणि पातोळ्यांच्या सारणात तो गोव्यातील माडाच्या गुळाची आठवण देणारा खरपूस स्वाद आणतो. नैवेद्याच्या मोदकांसाठी मात्र मी उसाचाच पिवळा गूळ वापरते. माडाच्या गुळाचे सारण काळसर होते, त्याला पाणी अधिक सुटते, आणि पातळ पारीतून ते बाहेर येण्याची भीती असते.

तांदळाच्या पिठीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे निवड चुकली तर मोदक वळतच नाहीत. दुकानात तीन प्रकारची पिठी शेजारी-शेजारी असते. पहिली साधी तांदळाची, बहुधा थायलंडहून आलेली आणि अतिशय बारीक. दुसरी चिकट तांदळाची, जिच्यापासून चिनी व मलय गोड गोळे करतात. आणि तिसरी इडियाप्पमची, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांची, जी अनेकदा आधी भाजलेली किंवा वाफवलेली असते. मोदकांसाठी पहिली घ्यावी आणि वाटीभर पिठीला चमचाभर चिकट पिठी मिसळावी. त्यामुळे उकडीला लवचीकपणा येतो आणि कळ्या चिरत नाहीत. इडियाप्पमची पिठी पाणी फार शोषते, तिची उकड थंड झाली की भेगाळते. आंबेमोहोराचा सुवास यांपैकी कशालाच नाही, आणि ती उणीव मला दर वर्षी जाणवते. ज्यांना तो सुवास हवाच असेल त्यांनी गावाहून एवढी एकच पिठी आणावी.

मोदकपात्र आणले नसेल तर भांड्यांच्या कोणत्याही चिनी दुकानातून बांबूची वाफवण्याची टोपली घ्यावी. बांबूचे झाकण वाफ शोषून घेते, त्यामुळे धातूच्या झाकणावरून मोदकांवर पाणी ठिबकते तसे येथे होत नाही. आमच्याकडे स्टीलचे मोदकपात्र असूनही आता मोदक बांबूच्या टोपलीतच उकडले जातात, आणि सासूबाईंनीही परत जाताना अशी एक टोपली मागून नेली. तयार मोदकांविषयी मात्र माझे मत चांगले नाही. परिसरातील एका मिठाईच्या दुकानातून आम्ही मागवलेले 'मोदक' खव्याचे, साच्यात दाबलेले आणि अतिशय गोड होते. खव्याच्या मोदकांना माझा विरोध नाही, पण चतुर्थीच्या नैवेद्याला उकडीचे हवे असतील तर ते घरी करण्याची तयारी ठेवावी किंवा मराठी मंडळींपैकी घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांकडे बरेच आधी नाव नोंदवावे.

ऋषिपंचमीच्या भाजीची यादी येथे जवळजवळ पूर्ण होते. लाल माठ हा मलय आणि चिनी घरांतही रोज खाल्ला जातो. पडवळ, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसे, कच्ची केळी आणि सुरण भारतीय भाजीवाल्यांकडे असतात. अळूची पाने कधी असतात, कधी नसतात, म्हणून ती आदल्या आठवड्यात सांगून ठेवावीत. सिंगापूर आपल्या अन्नापैकी ९० टक्क्यांहून अधिक बाहेरून आणते. त्यामुळे एकाच गाळ्यावर मलेशियातून ट्रकने आलेले आणि भारतातून विमानाने आलेले शिराळे शेजारी असू शकते, आणि दोघांच्या दरांत बराच फरक असतो. भाजीसाठी मलेशियातून आलेले घ्यावे. ते अधिक ताजे असते. आंबटपणासाठी कोकणात आणि गोव्यात आपण अंबाडे घालतो. ते येथे मिळत नाहीत, पण केडोन्डोंग नावाचे हिरवे आंबट फळ मिळते, ते अंबाड्याच्याच कुळातले आहे आणि ठेचून घातले तर भाजीला तीच तुरट-आंबट चव येते.

वेळेबाबत फार जागरूक राहावे लागते. ओला बाजार पहाटे जागा होतो आणि दुपारपर्यंत आवरतो. फुलांची दुकाने मात्र संध्याकाळीही चालू असतात. सोमवारी ओल्या बाजारातील अनेक गाळे बंद असतात, आणि ही गोष्ट सणाच्या तारखांशी नेहमी ताडून पाहावी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती, पण गौरीपूजन १ सप्टेंबरला, सोमवारी आले, म्हणून त्या नैवेद्याची सगळी भाजी आम्ही रविवारी सकाळीच आणून ठेवली. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे सोमवारीच येते. दीपावलीला सिंगापुरात सार्वजनिक सुटी असते, गणेश चतुर्थीला नसते. नोकरी करणाऱ्यांना रजा काढावी लागते किंवा प्राणप्रतिष्ठा सकाळी लवकर उरकावी लागते. येथील घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्यामुळे आम्ही आरती दुपारी बाराला ठेवतो, तेव्हा गावी साडेनऊ वाजलेले असतात आणि घरची मंडळी व्हिडिओवर आरतीला उभी राहू शकतात. चिनी पंचांगातील सातवा महिना अनेकदा याच सुमारास येतो, आणि त्या काळात पूर्वजांना अर्पण करण्यासाठी फळांना मोठी मागणी असते, म्हणून पाच फळे एक दिवस आधीच घेतलेली बरी.

ज्यांच्या घरी सोवळे कडक आहे, त्यांना या बाजारातील मासळी आणि मटणाचा शेजार खटकेल. ओला बाजार मुळातच मासळी आणि मटणासाठी प्रसिद्ध आहे, फरशी सतत धुतली जात असल्याने ओली असते आणि वास लपत नाही. बफेलो रोडच्या बाजूने शिरले तर भाजी आणि पाने घेऊन आत न जाताही बाहेर पडता येते. वृद्ध माणसांबरोबर मी नेहमी याच बाजूने जाते. शनिवारी-रविवारी सकाळी गर्दी इतकी असते की लहान मुलांची गाडी ढकलणे अशक्य होते. किराणा, अगरबत्ती, कापूर, पोहे, रवा असे टिकाऊ सामान सय्यद अल्वी रोडवरील मुस्तफा सेंटरमधून आधीच्या आठवड्यात रात्री निवांत घेता येते, त्यासाठी टेक्कात रांग लावण्याची गरज नाही.

मूर्तीसाठी टेक्काच्या इमारतीत जाऊ नये. सेरंगून रोडच्या परिसरातील पूजासाहित्याच्या दुकानांत चतुर्थीच्या आधी मातीच्या मूर्ती येतात. त्यांतील बऱ्याच दक्षिणी घडणीच्या असतात. पेणच्या मूर्तीचे डोळे आणि पीतांबराची घडी मनात घेऊन जाणाऱ्याला त्या प्रथम परक्या वाटतील. पेणचे मूर्तिकार परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधी रवाना करतात, म्हणून तशी मूर्ती हवी असेल तर येथील मराठी मंडळींच्या एकत्रित मागणीत वसंतातच सामील व्हावे. महाराष्ट्र मंडळ सिंगापूरचा सार्वजनिक गणेशोत्सव असतो, तेथे अशी माणसे भेटतात. दुकानातून घेताना मूर्ती कच्च्या मातीची आहे की भाजलेली, हे विचारूनच घ्यावी. आम्ही विसर्जन घरी बादलीत करतो; कच्ची माती रात्रभरात विरघळते आणि कुंड्यांत जाते, भाजलेली तशीच राहते. निर्माल्य इमारतीतील कचरा खाली टाकण्याच्या नळात टाकू नये. आम्ही तेही वाळवून त्याच कुंड्यांत मिसळतो.

गौरींचे मुखवटे येथे मला कुठेही दिसले नाहीत, ते गावाहूनच आणावेत. हातसामानात नीट बसतात. आघाडा आणि तेरडाही मिळत नाही. कोकणातल्या घरी तेरड्याच्या गौरी असतात, आणि पहिल्या वर्षी त्यावर आमच्याकडे बराच विचार झाला. शेवटी सासूबाईंनीच असा निर्णय दिला की देठांसकट हळदीच्या पानांची जुडी बांधून तिला मुखवटा लावावा, कारण हळद ही सवाष्णीचीच वस्तू आहे. तेव्हापासून आमच्या गौरी त्याच पानांच्या असतात. देठ लांब हवे असतील तर पानवालीला दोन दिवस आधी सांगून ठेवावे, कारण एरवी ती देठ छाटून पाने सुटी करूनच आणते.